जँगोमधली हिडन फील्ड्स आणि हळदीची पट्टी

जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओत हिडन फील्ड, म्हणजे फॉर्ममधले पडद्यावर न दिसणारे रकाने, अर्ध्या मिनिटात उरकतात. विजेट म्हणून हिडनइनपुट द्या, रकाना स्क्रीनवरून गायब, चला पुढे. मला हे दरवेळी खटकतं, कारण सांगली-मिरजेत मी पेढ्यांची, पतसंस्थांची, छोट्या वर्कशॉपची जी सॉफ्टवेअर दुरुस्तीला बघते त्यात पैशाचा खरा धोका बऱ्याचदा ह्याच जागी लपलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

परवा मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर गेले होते. सॉफ्टवेअर कुणी दुसऱ्यांनी करून दिलेलं, चालत होतं छान, फक्त त्यात नवीन रिपोर्ट हवा होता. पेढीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेतकऱ्याची हळद सौद्यात गेली की दर ठरतो, मग वजन होतं, मग त्यातून हमाली, तोलाई, घेतलेली उचल वगैरे वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती रक्कम पडणार त्याचा कागद निघतो, त्याला पट्टी म्हणतात. दिवाणजी संगणकावर लॉट उघडतात, पोती आणि वजन टाकतात, सेव्ह करतात, पट्टी छापून येते. दर त्यांना टाकावा लागत नाही, तो सौद्याच्या वेळीच नोंदवलेला असतो. मग पट्टीच्या फॉर्ममध्ये दर कुठून येतो? म्हणून मी पेजचा सोर्स बघितला तर लॉट नंबर, शेतकऱ्याचा खाते क्रमांक, दर आणि नोंद करणाऱ्याचं नाव अशी सगळी हिडन फील्ड होती आणि सेव्ह करताना सर्व्हर ह्याच चारही गोष्टी फॉर्ममधून जशाच्या तशा उचलत होता.

आण्णांना, म्हणजे पेढीच्या मालकांना, मी तिथंच करून दाखवलं. टेस्टचा एक लॉट घेतला, 21 क्विंटल वजन, दर 14,500. एफ12 दाबलं, एलिमेंट्सच्या खिडकीत दराचं हिडन फील्ड शोधलं, त्याच्या व्हॅल्यूवर डबल क्लिक करून 14,500 चं 15,400 केलं, खिडकी बंद केली आणि नेहमीसारखं सेव्ह दाबलं. पट्टी 15,400 नं छापून आली. 18,900 रुपयाचा फरक, आणि सॉफ्टवेअरमध्ये कुठंही खूण नाही की दर मध्येच बदलला गेलाय. आण्णा म्हणाले, "अहो ताई, पण तो रकाना तर पडद्यावर दिसतच नाही, मग बदलणार कोण?" मी म्हटलं, "आण्णा, आत्ता मी बदललाच की, आणि मला कुठला पासवर्ड लागला नाही, दिवाणजींच्याच लॉगिनवरून केलं." दिवाणजी तीस वर्षांचे जुने विश्वासू आहेत, प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न हा की सर्व्हर पैशाच्या बाबतीत ब्राउझरचं ऐकतोय.

हे नीट समजायला एवढं लक्षात घ्या की हिडन फील्ड म्हणजे आपण गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर दर लिहून दिला आणि पैसे देताना आपली वही न उघडता त्याच्याच हातातली चिठ्ठी वाचून पैसे मोजले तर काय होईल ते यार्डातल्या कुठल्याही पोराला कळतं. चिठ्ठी कशासाठी असते, तर वहीतलं कुठलं पान उघडायचं ते कळावं म्हणून. आकडा वहीतूनच घ्यायचा.

हिडन फील्ड मुळात आलंच कशाला? एचटीटीपीला आठवण नसते, प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्यासाठी नवी, म्हणून एका पानावरची माहिती पुढच्या पानावर न्यायला काहीतरी हवं होतं आणि 1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्येच इनपुटचा हा प्रकार आहे. म्हणजे ते माहिती वाहून नेण्यासाठी आहे, माहिती राखण्यासाठी कधीच नव्हतं. लोकांनी सुरुवातीच्या ऑनलाइन दुकानांत वस्तूची किंमतच त्यात ठेवली, 2000 सालाच्या सुमारास असल्या शॉपिंग कार्टवर जाहीर इशारे निघाले की पान सेव्ह करून किंमत बदलून परत पाठवता येते. आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही, मार्च 2012 मध्ये गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, एकानं पब्लिक कीच्या (खात्यात शिरायच्या किल्लीच्या) फॉर्ममध्ये युजर आयडी स्वतःच घालून पाठवला आणि रेल्स (रुबी भाषेतली जँगोसारखी चौकट) प्रोजेक्टच्या खात्यावर आपली की चढवून दाखवली. ते रुबीवरचं होतं, पण मेख तीच, जे फॉर्ममधून आलं ते सर्व्हरनं न विचारता ऑब्जेक्टवर चढवलं. लक्षात घ्या, त्यासाठी पेजवर ते फील्ड असावंच लागतं असंही नाही, पाठवणारा हवं ते नाव घालून पाठवू शकतो.

जँगोमध्ये ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मॉडेलफॉर्म, म्हणजे डेटाबेसच्या टेबलावरून (मॉडेलवरून) बनणारा फॉर्म, त्याच्या मेटामध्ये फील्ड्सची यादी दिली की यादीबाहेरचं काहीही पोस्टमधून, म्हणजे ब्राउझरनं पाठवलेल्या माहितीतून, आलं तरी जँगो त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. जँगो 1.8 पासून तर फील्ड्स किंवा एक्स्क्लूड दिल्याशिवाय मॉडेलफॉर्म चालतच नाही. पण बरेच जण कंटाळा करून तिथं ऑल लिहितात, मग मॉडेलची सगळी फील्ड फॉर्ममध्ये येतात, मग त्यातली चार दिसायला नको म्हणून त्यांना हिडनइनपुट लावतात, आणि इथंच गाडी घसरते. दिसायला नको असलेलं फील्ड फॉर्ममध्ये हवंच कशाला हा प्रश्न आधी विचारायचा. पेढीच्या फॉर्ममध्ये मी ऑल काढून फक्त पोती आणि वजन ठेवलं. लॉट कुठला ते यूआरएलमध्ये आहे, व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये, गेट ऑब्जेक्ट ऑर 404 नं तो लॉट काढायचा आणि काढताना नुसत्या पीकेवर (नोंदीच्या आयडीवर) न काढता लॉगिन केलेल्या माणसाच्या पेढीचीही अट घालायची, नाहीतर यूआरएलमधला आकडा बदलून दुसऱ्या पेढीचा लॉट उघडेल आणि आपण हिडन फील्ड काढून काहीच मिळवलं नाही असं होईल. मग फॉर्म सेव्ह करताना कमिट फॉल्स द्यायचं, म्हणजे नोंद लगेच डेटाबेसात जात नाही, हातात आलेल्या पट्टीवर लॉट, दर, खाते आणि रिक्वेस्ट डॉट युजर (लॉगिन केलेला माणूस) आपण स्वतः चढवायचं आणि मग सेव्ह. दर सौद्याच्या टेबलातून.

ह्यात एक बारीक गोष्ट आहे जी लोकांच्या उशिरा लक्षात येते. जे फील्ड फॉर्ममध्ये नाही त्याचं व्हॅलिडेशन मॉडेलफॉर्म करत नाही. समजा एका लॉटची एकच पट्टी असा युनिकचा नियम मॉडेलवर आहे, तर लॉट फॉर्ममध्ये असताना जँगो छान मेसेज देत होता, आता लॉट फॉर्मबाहेर गेला म्हणून फॉर्म व्हॅलिड म्हणतो आणि डेटाबेस थेट इंटिग्रिटी एरर फेकतो. तेव्हा ती एरर व्ह्यूमध्ये पकडून "ह्या लॉटची पट्टी आधीच झालीय" असं सांगायचं. ह्या कारणासाठी लॉट परत हिडन करून फॉर्ममध्ये घालू नका.

कधी कधी मात्र फॉर्ममध्ये ठेवावंच लागतं. उदाहरणार्थ एकाच पानावर लॉट निवडून पुढं जायचंय, तर मॉडेलचॉइसफील्ड घ्यायचं, त्याला हिडनइनपुट द्यायचं आणि फॉर्मच्या इनिटमध्ये त्याचं क्वेरीसेट, म्हणजे निवडीची यादी, फक्त त्या पेढीच्या, अजून पट्टी न झालेल्या लॉटपुरतं करायचं. मग कुणी आकडा बदलला तर जँगोच म्हणतो की ही निवड वैध नाही. नुसतं इंटिजरफील्ड हिडन करून व्ह्यूमध्ये गेट करणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं. आणि दर दाखवायचाय पण बदलू द्यायचा नाही अशी गरज असेल तर फील्डला डिसेबल्ड ट्रू द्यायचं, हे 1.9 पासून आहे. एचटीएमएलमधलं रीडओन्ली आणि हे एक नव्हे. रीडओन्ली फक्त ब्राउझरपुरतं, एफ12 मध्ये खोडलं की संपलं, तर डिसेबल्ड ट्रू असलं की पोस्टमधून काहीही येऊ दे जँगो ते बाजूला ठेवून इनिशियलमधली व्हॅल्यू घेतो. फक्त ते इनिशियल किंवा इन्स्टन्स पोस्टच्या वेळीही फॉर्मला द्यायला पाहिजे. खूप जण गेटच्या वेळी (पान दाखवताना) देतात, पोस्टला (सेव्ह करताना) विसरतात आणि मग दर रिकामा येतो म्हणून डिसेबल्डच काढून टाकतात.

आता दुसरी तक्रार, जी मला यार्डाबाहेरही सारखी ऐकायला येते. "सेव्ह दाबलं की पान परत तसंच येतं, एरर काय दिसत नाही, नोंद पण होत नाही." दहात आठ वेळा हे हिडन फील्ड असतं. जँगोनं स्वतः फॉर्म छापला, म्हणजे अ‍ॅज पी किंवा अ‍ॅज डिव्ह, तर हिडन फील्डची एरर तो सगळ्यात वर आणून "हिडन फील्ड अमुक" असं नाव लावून दाखवतो. पण आपण डिझाइनसाठी टेम्प्लेटमध्ये हातानं व्हिजिबल फील्ड्सवर लूप फिरवतो आणि प्रत्येक रकान्याखाली त्याची एरर छापतो, हिडनवाल्यांची एरर मग कुणीच छापत नाही. फॉर्म इनव्हॅलिड आहे आणि कारण न दिसणाऱ्या रकान्यात अडकलंय. त्यासाठी हिडन फील्ड्सवर वेगळा लूप फिरवा, फील्ड छापा आणि त्याच्या एरर्स फॉर्मच्या डोक्यावर छापा, शिवाय व्ह्यूमध्ये फॉर्म इनव्हॅलिड झाला की फॉर्म डॉट एरर्स लॉगमध्ये जाऊ द्या. समोरचा दिवाणजी फोनवर "होत नाही ओ" एवढंच सांगू शकतो, त्याच्या पलीकडचं लॉगनंच सांगायला पाहिजे.

आणि असाच एक प्रकार आहे तो अगदी ऐन हंगामात उगवतो. टेम्प्लेटमध्ये हिडन इनपुट हातानं लिहिलंय, व्हॅल्यूच्या जागी कंसात लॉट डॉट आयडी. सेटिंगमध्ये आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून यूज थाउजंड सेपरेटर ट्रू केलंय. लॉट 999 पर्यंत सगळं सुरळीत. हजारावा लॉट आला की टेम्प्लेट आयडी छापताना त्यात स्वल्पविराम घालतो, 1,000 असं हिडन फील्डमध्ये जातं, आणि सर्व्हरवर इंट करायला गेलं की फुटतं. कोड कुणी बदललेला नाही, कालपर्यंत चालत होतं, यार्डात गाड्या लागलेल्या, आणि सगळे म्हणतात सर्व्हर गेला. उपाय एका शब्दाचा आहे, एल10एन टॅग लोड करून त्या व्हॅल्यूवर अनलोकलाइझ फिल्टर लावायचा. त्याहून चांगलं म्हणजे हिडन इनपुट हातानं न लिहिता फॉर्मच्या फील्डलाच छापू द्यायचं.

हिडनमधून जे जातं ते शेवटी अक्षरंच असतात, हे पायथनवाले विसरतात कारण त्यांना टाइपची सवय असते. ट्रू-फॉल्स हिडनमध्ये घातलं तर परत येताना फॉल्स ही अक्षरं येतात, आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी धरली जाते. जँगोच्या बूलियनफील्डला हे माहीत आहे, त्याच्या सोर्समध्ये फॉल्स ही स्ट्रिंग मुद्दाम तपासलीय आणि कारण म्हणून हिडन फील्डच लिहिलंय. पण तुम्ही रिक्वेस्ट डॉट पोस्टमधून थेट उचलून इफ लावला तर "उचल वजा करू नको" हे "कर" असं वाचलं जाईल. फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनच्याच दुसऱ्या छोट्या चौकटीत, तर जास्त सांभाळायला लागतं, कारण तिथं फॉर्मसाठी वापरतात त्या डब्ल्यूटीफॉर्म्सचं हिडनफील्ड हे स्ट्रिंगफील्डच आहे, जे येईल ते स्ट्रिंग म्हणून तुमच्या हातात. तिथं इंटिजरफील्ड किंवा डेसिमलफील्ड घेऊन त्याला हिडनइनपुटचं विजेट द्या. अजून एक फरक सांगून ठेवते, एकाच नावाची दोन फील्ड आली तर जँगोचं पोस्ट डॉट गेट शेवटचं देतं आणि फ्लास्कचं पहिलं. फ्लास्कवरून जँगोवर कोड आणताना ह्यानं निकाल बदलतो. सगळी हवी असतील तर दोन्हीकडे गेटलिस्ट आहेच.

फॉर्मसेटबद्दल मात्र जरा थांबून सांगायचंय, कारण वजनाचा फॉर्म हा फॉर्मसेटच, म्हणजे एकाच पानावरचे अनेक सारखे फॉर्म, असतो, एकेका पोत्याची एक ओळ. फॉर्मसेटबरोबर जँगो मॅनेजमेंट फॉर्म नावाचा एक छोटा हिडन फॉर्म पाठवतो, त्यात टोटल फॉर्म्स, इनिशियल फॉर्म्स असे आकडे असतात. टेम्प्लेटमध्ये तो छापायचा राहिला तर जँगो ओरडतो, जुन्या व्हर्जनमध्ये एक्सेप्शन यायचं, 3.2 पासून फॉर्मसेटची नॉनफॉर्म एरर येते. ते बरं, निदान कळतं तरी. न कळणारा प्रकार वेगळाच आहे. पानावर दहा ओळी आहेत, दिवाणजींनी "ओळ वाढवा" बटण दोनदा दाबलं, जाव्हास्क्रिप्टनं दोन ओळी काढून दिल्या, दिवाणजींनी बारा पोत्यांची वजनं भरली, सेव्ह दाबलं, सगळं हिरवं आलं. पण जाव्हास्क्रिप्टनं टोटल फॉर्म्सचा आकडा वाढवला नव्हता, तो दहाच राहिला, मग जँगोनं दहा ओळी वाचल्या आणि अकरावी बारावी कुठलीही एरर न देता सोडून दिली. शेतकऱ्याची दोन पोती पट्टीतून गेली! हे कुठल्या चोरानं केलेलं नाही, एका हिडन आकड्यानं केलंय, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस कसबे डिग्रजहून टेम्पो करून आलेला असतो, त्याला टोटल फॉर्म्स कोण समजावणार. म्हणून माझ्या प्रत्येक वजनाच्या फॉर्मवर मी "एकूण पोती" असा एक दिसणारा रकाना ठेवते, तो दिवाणजी हातानं भरतात, आणि फॉर्मसेटच्या क्लीनमध्ये आलेल्या ओळींशी ताडून बघते. जुळलं नाही तर सेव्ह नाही. आणि ओळी एखाद्या लॉटच्या असतील तर साध्या मॉडेल फॉर्मसेटपेक्षा इनलाइन फॉर्मसेट वापरा, म्हणजे हिडन आयडी त्या लॉटच्या ओळींपुरतेच बांधलेले राहतात.

सीएसआरएफ टोकन, म्हणजे दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म आला तर तो ओळखायची खूण, हेही हिडन फील्डच आहे, ते टेम्प्लेटमध्ये टाका, 403 (सर्व्हरचा नकार) आलं म्हणून सीएसआरएफ एक्झेम्प्ट लावून मोकळे होऊ नका, एवढंच. फ्लास्क डब्ल्यूटीएफमध्ये हिडन टॅग विसरलात तर 403 पण येत नाही, व्हॅलिडेट ऑन सबमिट नुसतं फॉल्स देतं, म्हणजे परत तेच "पान तसंच येतंय".

हे सगळं वाचून हिडन फील्ड वाईट असा अर्थ काढू नका, मला स्वतःला दोन ठिकाणी ती फार उपयोगी वाटतात. एक म्हणजे दोनदा सेव्ह. यार्डात नेट मधूनच जातं, माणूस सेव्ह दोनदा तीनदा दाबतो, दोन उचली पडतात. फॉर्म दाखवताना एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) हिडनमध्ये द्यायचा, टेबलात त्याला युनिक करायचं, दुसऱ्यांदा तोच आला की नवीन नोंद न करता पहिलीच दाखवायची. दुसरं, एकच खातं दोन टेबलांवर उघडलेलं असतं, काउंटरवरचा एक बदल करतो, आतल्या खोलीतला जुन्याच पानावरून सेव्ह करतो आणि पहिल्याचा बदल पुसला जातो. त्यासाठी रेकॉर्डचा व्हर्जन नंबर हिडनमध्ये ठेवायचा आणि अपडेट करताना पीके आणि व्हर्जन दोन्हीवर फिल्टर लावून एकाच क्वेरीत व्हर्जन एकनं वाढवायचा, अपडेटनं शून्य ओळी सांगितल्या तर मधे कुणीतरी बदल केलाय, पान परत उघडायला सांगायचं. ह्या दोन्हीत कुणी मुद्दाम आकडा बदललाच तर पैशाचा आकडा हलत नाही, फार तर त्याचीच सेव्ह अडकते किंवा ही सोय त्याला मिळत नाही, आणि हीच कसोटी मी प्रत्येक हिडन फील्डला लावते.

ती कसोटी पार होत नाही पण व्हॅल्यू पाठवायचीच आहे, जसं की दोन-तीन पानांचा फॉर्म आहे आणि मधला हिशेब पुढं न्यायचाय, तर आधी सेशन (सर्व्हरकडे राहणारी त्या लॉगिनची माहिती) बघा. सेशन नको असेल तर जँगोच्या साइनिंगमधलं डम्प्स आणि लोड्स आहे, सीक्रेट कीनं सही करून पाठवतं, एक अक्षर जरी बदललं तरी बॅडसिग्नेचर येतं, मॅक्स एज दिलं तर जुनी झालेली व्हॅल्यूही नाकारतं. सही म्हणजे कुलूप नव्हे हे ध्यानात ठेवा, आतला मजकूर कुणीही डिकोड करून वाचू शकतो, त्यामुळे शेतकऱ्याचा आधार नंबर किंवा बँक खातं त्यात घालायचं नाही. आणि सहीत नुसता दर न घालता दर आणि लॉट दोन्ही एकत्र घाला, नाहीतर एका लॉटचा सही केलेला चांगला दर उचलून दुसऱ्या लॉटला चिकटवता येतो, सही खरीच निघते.

पेढीच्या त्या सॉफ्टवेअरला शेवटी मी टेस्ट लिहिल्या, प्रत्येक फॉर्मला एक तरी अशी की पोस्टमध्ये मुद्दाम दर, खाते आणि युजर चुकीचे घालून पाठवायचे आणि सेव्ह झालेल्या पट्टीवर सौद्यातलाच दर आहे ना ते बघायचं. जँगोचा टेस्ट क्लायंट सीएसआरएफ आपणहून तपासत नाही, त्यासाठी क्लायंट बनवताना एन्फोर्स सीएसआरएफ चेक्स ट्रू द्यावं लागतं, तेही एका टेस्टमध्ये करून ठेवलंय. आण्णांनी ती 15,400 वाली टेस्ट स्वतःसमोर चालवून घेतली आणि विचारलं की उचलीच्या फॉर्मला पण असंच केलंय का. केलंय. जमाखर्चाचा फॉर्म राहिलाय, तो ह्या आठवड्यात.